उलटं झाकण

पुण्याच्या एजन्सीकडून आलेल्या कागदावर तेविसावा प्रश्न असा होता: ‘आपण या संस्थेशी इतकी वर्षे बांधील राहिलात, याचे प्रमुख कारण कोणते?’ खाली चार चौकटी होत्या. वेतन, सुविधा, सहकारी आणि संस्थेबद्दलचा अभिमान. त्यातल्या एकीवर खूण करायची.

बनुबाईंचा कागद मी भरत होते, कारण त्यांचा चष्मा घरी राहिला होता. तो नेहमीच घरी राहतो. कागद वाचायचा नसला की बनुबाईंचा चष्मा घरी असतो, हे डेअरीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी चारही चौकटी मोठ्यानं वाचून दाखवल्या.

“यात माझं न्हाई,” त्या म्हणाल्या.

“मावशी, एकीवर तरी खूण करावी लागते.”

“का म्हून? लगीन लावायचंय का माझं चौकटीसंगं? कोरं ठिव.”

मी कोरं ठेवलं. बाकीची उत्तरं त्यांनी पटापटा दिली. वय बावन्न. नोकरीची वर्षं सव्वीस. न सांगता घेतलेली रजा, एकही नाही. “पोरगी झाली तवा बी सांगून गेल्ते,” असं वर ऐकवलं.

माझ्या स्वतःच्या कागदावर मी ‘सुविधा’वर ठसठशीत खूण केली होती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? कागद मालक वाचणार हे मला माहीत होतं, सुविधा मालकांनीच नव्या केल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात मी सुप्याच्या एका कंपनीत नोकरीसाठी अर्ज टाकला होता. अशी माझी बांधिलकी.

मी रोहिणी. बी.एस्सी., केमिस्ट्री. कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याला लागून प्रवरेच्या पुलाजवळ आमची डेअरी आहे, तिथल्या लॅबमध्ये मी बारा वर्षं काढली. ‘काढली’ हाच शब्द बरोबर आहे. बनुबाईंनी मात्र त्यांची सव्वीस वर्षं काढली नाहीत, केली. हा फरक मला उशिरा कळला, आणि कळला तो माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती चूक सांगायचीच आहे, पण आधी बाई सांगते.

दूध उतरवतात त्या ओट्याला आम्ही डॉक म्हणतो. सकाळी सहा ते नऊ तिथं शंभरेक कॅन येतात. कुणी मोटारसायकलला अडकवून एक कॅन आणतो, कुणी टेम्पोतून पंधरा-वीस. बनुबाई प्रत्येक कॅनचं झाकण उचलतात, उलटं करतात आणि नाकाशी नेतात. वास दुधात शोधायचा नसतो. तो आधी झाकणाच्या आतल्या बाजूला साठतो. त्या एकच श्वास घेतात. दूध चांगलं असेल तर झाकण सरळ ठेवतात, मग छगन हमाल तो कॅन आत ओततो. वाईट असेल तर झाकण कॅनच्या तोंडावर उलटं ठेवतात आणि तो कॅन आला तसा परत जातो. त्या कारण सांगत बसत नाहीत, ओरडत नाहीत, कुणाला चोर म्हणत नाहीत. झाकण उलटं पडलं की विषय संपला.

माझं काम त्यानंतरचं. मी नमुना घेते, मशीन फॅट सांगतं, बाकीचे आकडे सांगतं. पहिल्या महिन्यात मला बनुबाईंचा रागच यायचा. बी.एस्सी. मी, पांढरा कोट माझा, आणि दुधाचं खरंखोटं ठरवणार तिसरी पास बाई! मी एकदा नानांना तसं बोलूनही दाखवलं. भागवतनाना म्हणजे डेअरी उभी करणारे मालक. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं मशीन झाकनाचा वास घेतंय का?” मी नाही म्हटलं. “मग तुमी दोघी मिळून एक मानूस हाय. भांडू नगा.”

बनुबाई डेअरीत आल्या त्या कॅन धुवायला. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि नारळाची किशी, हे त्यांचं पहिल्या चार वर्षांचं आयुष्य. त्यात त्यांच्या अंगठ्याच्या रेघा गेल्या त्या परत आल्या नाहीत. एका उन्हाळ्यात नानांच्या स्वतःच्या गोठ्यातला कॅन आला. मालकाचा कॅन तपासायची रीत नव्हती. छगननं उचलला आणि ओतायला निघाला, तर कॅन धुणारी ही बाई ओल्या हातानं मध्ये उभी राहिली.

“नाना, तुमच्या घरचं दूध वतू नगा. टाकी नासली तर धुवायला मलाच लागंल.”

छगन आजही हे सांगताना कानाला हात लावतो. नानांनी स्वतः वास घेतला. त्यांना काही कळलं नाही. मग म्हणाले, तापवा. पातेलं चुलीवर ठेवलं, दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी नाना सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, “आजपास्नं बनू डॉकवर उभी ऱ्हाईल. तिनं उलटं ठिवलेलं झाकन उलटं. माझा बाप जरी कॅन घेऊन आला तरी.” शाल नाही, नारळ नाही. जागा बदलली, बस.

आता त्यांना देवी करून ठेवायचं नाही, म्हणून त्यांची चूकही सांगते. माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. भागूबाई म्हणून एक शेतकरीण आहे, दोन गायी, एक कॅन, रोज डोक्यावर आणून उतरवणार. बनुबाईंनी तिचं झाकण उलटं ठेवलं. दुसऱ्या दिवशीही उलटं. असं नऊ दिवस. माझं मशीन म्हणत होतं दूध उत्तम, तापवलं तर फाटत नव्हतं, पण बनुबाईंच्या नाकाला काहीतरी आंबूस लागत होतं. नऊ दिवस भागूबाई घरी तेच दूध आटवत बसली. खवा खाऊन खाऊन घरातल्यांना वीट आला. दहाव्या दिवशी ती आली, कॅन खाली ठेवला आणि म्हणाली, “वास नगं घेऊस. आज माझ्या गोठ्यात चल.”

बनुबाई दुपारी तिच्यासोबत गेल्या आणि संध्याकाळची धार काढून होईपर्यंत गोठ्यात बसून राहिल्या. भागूबाईनं त्या वर्षी पहिल्यांदाच मुरघास केला होता, म्हणजे मका कापून, दाबून, पिशवीत मुरवलेला चारा. धार काढतानाच ती तो गायींपुढे टाकायची. सगळा गोठा त्या आंबूस वासानं भरायचा आणि तोच वास दुधाला धरायचा. दूध नासकं नव्हतंच. घरी आल्यावर बनुबाईंना स्वतःच्या पदरालाही तोच वास आला.

दुसऱ्या दिवशी भर डॉकवर त्यांनी भागूबाईचं झाकण स्वतःच्या हातानं सरळ ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “नऊ दिवस हिचं दूध चांगलं हुतं. नाक माझं अडानी. भागूबाई, चारा धार काढल्यावर टाकत जा.” आणि सरळ नानांच्या खोलीत गेल्या. मी नमुन्याच्या बाटल्या घेऊन दारातच उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“नाना, मला परत क्यान धुवायला लावा.”

“चूक कुनी शोधली?”

“मीच.”

“मग धुवायला कशाला? ज्यानं झाकन उलटं केलं त्यानंच सरळ करायचं, दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई. असा नेम करू. म्हंजी चुकनाऱ्याला शोधायला बी लागंल.”

तो नियम कुठं लिहिलेला नाही. पण दहा वर्षांत तो कुणी मोडला नव्हता. बनुबाईंनी त्यानंतर चार-पाच वेळा स्वतःचं झाकण सरळ केलं असेल. दर वेळी त्याआधी त्या कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन आल्या होत्या, स्वतःच्या पायानं, स्वतःच्या वेळात. कुणी पाठवलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी नाना गेले आणि त्यांचा नातू ओम मालक झाला. ओमसरांना वाईट म्हणायची माझी तयारी नाही. पुण्यात शिकून आले, पण कुणाशी उर्मटपणे बोलत नाहीत. त्यांनी डॉकवर पंखे बसवले. थंड पाण्याचं मशीन आणलं. निळे गणवेश दिले, बायकांसाठी वेगळी खोली बांधली, हजेरीला अंगठ्याचं मशीन लावलं. या शेवटच्या वस्तूनं बनुबाईंना छळलं. झिजलेला अंगठा मशीन ओळखेना. चार-चार वेळा दाबावा लागायचा. “सव्वीस वर्सं झाली,” त्या मशीनला म्हणायच्या, “अजून तुला मी कोन कळंना व्हय रं?”

आणि मग ओमसरांना वाटलं, एवढं सगळं केलं, तर माणसांची बांधिलकी किती वाढली ते मोजू या. म्हणून पुण्याचे ते कागद आले. कागद शनिवारी भरले. सोमवारी मी माती खाल्ली.

मे महिना होता. गायींना दूध कमी आणि एका आईस्क्रीम कंपनीची मागणी मोठी, असे ते दिवस. कानिफनाथ नावाचा टेम्पोवाला लांबच्या वाड्यांवरून चौदा कॅन घेऊन आला. बर्फ नाही, सावली नाही, दीड तासाचा रस्ता. बनुबाईंनी त्यातल्या सहा कॅनची झाकणं उलटी ठेवली आणि डॉकच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या गाडीकडे गेल्या. कानिफनाथ तडक ओमसरांकडे गेला. ओमसर बाहेर आले आणि मला विचारलं, “मॅडम, मशीन काय म्हणतंय?”

“आकडे बरोबर आहेत सर.”

आकडे बरोबरच होते. पण दूध आंबायला लागलं की त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून आंबटपणा मारतात, हे मला ठाऊक होतं. तो सोडा पकडायची बाटली माझ्या फळीवर होती. दोन थेंब टाकले की सोड्याचं दूध गुलाबासारखं लाल होतं. ती बाटली मी काढली नाही. कुणी काढ म्हणालं नाही, म्हणून काढली नाही.

“मग झाकणं सरळ करा. आज एकही कॅन परत पाठवणं परवडणार नाही.” हे त्यांनी छगनला सांगितलं.

छगननं दोन्ही हात पाठीमागे घेतले. “सर, मी न्हाई लावनार हात.”

“मॅडम, तुम्ही करा.”

मी केली. सहाच्या सहा. मला घाई होती. सुप्याहून फोन येणार होता. छगननं मान खाली घालून कॅन ओतले.

बनुबाई परत आल्या तेव्हा सहा रिकामे कॅन भिंतीला लावलेले होते. त्यांनी छगनकडे बघितलं. छगन पंख्याकडे बघायला लागला. मग त्यांनी एक झाकण उचललं. मला वाटलं, आतून वास घेतील. त्यांनी वरची मूठ नाकाशी नेली, जिथं हात लागतो ती. लॅबमध्ये आम्ही दर नमुन्यानंतर स्पिरिटनं हात पुसतो.

“रोहिणे,” त्या म्हणाल्या, “तू व्हय?”

त्यांनी झाकण खाली ठेवलं आणि पुढच्या कॅनकडे गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दूध टाकीत गेलं, त्याचं आईस्क्रीम झालं असेल, कुणी आजारी पडल्याचं ऐकलं नाही. तरी मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. दिवसभर मी सगळ्यांवर खेकसत राहिले.

मंगळवारी बनुबाई वेळेवर आल्या. अंगठा चार वेळा दाबला. निळा गणवेश चढवला. डॉकवर जाऊन एक पोतं दुमडलं, भिंतीला टेकवलं आणि त्यावर बसल्या. हात मांडीवर. समोर वीस-बावीस कॅन येऊन थांबलेले.

ओमसर आले. “मावशी, बरं नाही का?”

“बरी हाय की.”

“मग बसलात का?”

“हजर हाय. अंगठा दिलाय. नाक तेवढं घरी ठिवलंय.”

कुणीतरी मागे फिसकन हसलं. ओमसर हसले नाहीत. त्यांनी खाली वाकून, खरोखर समजुतीनं विचारलं, “मावशी, काही अडचण आहे का? खुर्ची देऊ का उंच? उभं राहून पाय दुखत असतील. तुमच्या सोयीसाठी काय करू ते सांगा.”

“सोय लई झाली, दादा,” बनुबाई म्हणाल्या. या माणसाला त्यांनी हाफ चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे त्या त्यांना अरेतुरेच करतात. “तुझ्या आज्यानं मला पंखा दिला न्हवता. फाटक्या छपराखाली उभं केलं आन सांगितलं, तुजा शबूद तो शबूद. बावीस वर्सं मी त्या शबदावर उभी हाय, पंख्याखाली न्हाई. पंखा काढून ने, मी उभी ऱ्हाईन. शबूद काढून नेला तर हे बघ, बसले.”

“एका दिवसाचा प्रश्न होता, मावशी.”

“एक दिवस उलट्याचं सरळ केलं. मग रोज मी सरळ ठिवते ते तरी माझं कशावरून? तेबी तुजंच. तुजं तूच घे हुंगून.”

ओमसरांनी ते मनावर घेतलं. खरंच एक झाकण उचलून हुंगलं. मग दुसरं, तिसरं. पाचव्या कॅनपाशी त्यांना शिंक आली. सहावा कॅन आधी हुंगलेलाच निघाला. लोक तोंडावर हात धरून उभे होते. मलाही हसू येत होतं आणि त्याच वेळी घड्याळाकडे लक्ष होतं, कारण साडेसात वाजून गेले होते, ऊन डॉकच्या पायरीवर चढलं होतं आणि मेमधल्या दुधाला तासाभराचीच मुदत असते.

“सगळं मशीनवर घ्या,” ओमसर म्हणाले. “छगन, ओत.”

“झाकन कुनी ठिवलं न्हाई, सर. काय बघून वतू?”

रांगेत पहिला कॅन भागूबाईचा होता. मुरघासवालीचा. ती पुढे आली, आणि मला वाटलं, आता ही भांडणार. हिचं दूध नासणार आहे. ती भांडलीच, पण ओमसरांशी.

“दादा, या बाईनं माझं दूध नऊ दिवस परत धाडलेलं हाय. तरी मी इथंच घालते. का, इचार. ही चुकली तवा माझ्या गोठ्यात येऊन शेनात बसली आन चार मानसात चुकले म्हनली. तुजं मशीन चुकलं तर ते यील का माझ्या गोठ्यात?”

“आत्या, तुमचं दूध खराब होईल.”

“हू दे. खवा करायची सवं हाय मला.”

मी बनुबाईंकडे बघत होते. त्यांची बोटं गणवेशाच्या कडेला पीळ घालत होती. भागूबाईचा कॅन त्यांच्यापासून चार हातांवर उन्हात होता आणि त्या उठत नव्हत्या. ते त्यांना सोपं जात होतं असं कुणी समजू नये. सव्वीस वर्षांत त्यांनी एक लिटर चांगलं दूध नासू दिलेलं नाही. माझी खात्री आहे, अजून दहा मिनिटं गेली असती तर भागूबाईच्या कॅनसाठी त्या उठल्या असत्या, आणि मग कायमच्या हरल्या असत्या. त्यांच्या जागी उद्यापासून नुसता अंगठा येत राहिला असता, माझा येतो तसा.

तेवढ्यात कानिफनाथचा टेम्पो पुलावरून आला आणि सगळ्यांना ओलांडून थेट डॉकला लागला. काल जमलं होतं, आज का जमणार नाही? त्यानं कॅन उतरवायला सुरुवात केली.

“मॅडम, याचे आधी घ्या,” ओमसर म्हणाले. “नमुना काढा आणि सोडा आत.”

मी लॅबमधून बाहेर आले. कोटाच्या खिशात फोन थरथरत होता. मी पहिल्या कॅनचं झाकण उचललं, उलटं केलं आणि नाकाशी नेलं. बारा वर्षं मी या बाईच्या शेजारी उभी आहे. इतकी वर्षं चुलीशेजारी बसलं तर कुणाच्याही कपड्यांना धूर लागतो. आंबूस. त्यावर काहीतरी सपक, धुतल्यासारखं. सोड्यानं आंबटपणा मरतो, वास मरत नाही. मी पुन्हा एकदा वास घेतला, कारण मला चुकायचं नव्हतं.

मग मी ते झाकण कॅनवर उलटं ठेवलं.

आपल्याच धाडसानं माझे कान तापले होते, पण मी थांबले नाही. दुसरा कॅन उलटा. तिसरा उलटा. चौथा सरळ.

“मॅडम, हे काय चाललंय? सरळ करा ती.”

“सर, ज्यानं उलटं केलं त्यानंच सरळ करायचं, असा इथला नियम आहे. उलटी मी केलीत. आणि मी सरळ करत नाही.”

“तुम्ही काल…”

“काल मी केलेलं चुकलं. सोड्याची टेस्ट कालच करायला हवी होती, मी केली नाही. आत्ता करते, तुमच्यासमोर करते. पण तोपर्यंत झाकण असंच राहील.”

फळीवरची बाटली आणली. काचनळीत पहिल्या कॅनचं दूध, त्यात दोन थेंब. दूध लाल झालं. भागूबाईनं “अगं बया” म्हटलं. कानिफनाथ म्हणाला की हे सगळं थोतांड आहे, त्याच्या वाड्यांवर पाणीच तसं आहे. मी त्याला भागूबाईच्या कॅनमधलं दूध दुसऱ्या नळीत घेऊन दाखवलं. ते तसं लाल झालं नाही.

ओमसरांनी हात पुढे केला. झाकणाकडे. तो हात झाकणापासून वीतभर असेल, आणि डॉकवरची चाळीस माणसं त्या वीतभर जागेकडे बघत होती. मालक ते. झाकण त्यांचं, कॅन त्यांचा, पंखा त्यांचा. ते सरळ करू शकत होते. कुणी अडवलं नसतं.

“लाव हात,” पोत्यावरून बनुबाई म्हणाल्या. “लाव की. बघतेय मी.”

ओमसरांनी हात मागे घेतला. रुमाल काढून चेहरा पुसला. “कानिफनाथ, उलटे आहेत ते परत न्या.”

“दुसऱ्या डेअऱ्या काय मेल्यात का?” कानिफनाथ ओरडला. त्यानं सगळेच कॅन टेम्पोत आदळले, चांगलं दूध होतं तेसुद्धा, आणि निघून गेला. त्या दिवशी आईस्क्रीम कंपनीला दूध कमी गेलं. ओमसरांना फोनवर बरंच ऐकून घ्यावं लागलं. ते मी लपवत नाही.

पण ते नंतर. आत्ता ओमसर बनुबाईंकडे वळले. “झालं का मावशी?”

“अजून न्हाई. तू म्हन.”

“काय म्हणू?”

“आज्यानं म्हनलं हुतं ते.”

ओमसरांनी इकडेतिकडे बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, “झाकण ज्यानं उलटं केलं, त्यानंच सरळ करायचं.”

“मोठ्यांदा. मागच्या टेम्पोला ऐकू गेलं न्हाई.”

त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी मागच्या टेम्पोलाच काय, रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यालाही ऐकू गेलं असेल. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पण म्हटलं, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. सगळे मालक म्हणत नाहीत.

बनुबाई उठल्या. पोतं झटकून जागेवर ठेवलं, नळाखाली हात धुतले, पदर खोचला.

“आलं का नाक?” भागूबाईनं विचारलं.

“आलं चालत,” बनुबाई म्हणाल्या आणि तिचं झाकण उचललं. एक श्वास. सरळ. छगननं कॅन असा उचलला, जणू त्याचा भाऊच परत आला होता.

पुढचा पाऊण तास आम्ही नुसते कॅन उरकत होतो. दोन कॅन उन्हानं गेले. त्यांची झाकणं उलटी ठेवताना बनुबाईंनी दोन्ही कॅनवाल्यांना हात जोडले. “माझ्यामुळं गेलं,” म्हणाल्या. त्यातला एक म्हणाला, “जाऊ द्या मावशी, एक दिवस,” आणि दुसरा तोंड फिरवून गेला. तोही बरोबरच होता.

साडेनऊला त्या लॅबच्या दारात आल्या. मी नळ्या धूत होते. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील.

“तू तिसरा क्यान उलटा केलास,” त्या म्हणाल्या, “तो वाईट न्हवता. माझ्या पोत्याजवळच हुता, बसल्या जागी कळलं मला. आधीच्या दोघांचा वास तुझ्या नाकात ऱ्हायला हुता. मधी एकदा आपल्या पदराचा वास घ्यायचा, नाक धुतल्यागत हुतं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तू उलटं केलं हुतं. मी कशी सरळ करू?” त्या म्हणाल्या. “कानिफनाथ कुठल्या वाडीवरनं दूध आनतो ते छगनला ठावं हाय. उद्या दुपारी जा. ज्याचं दूध हाय त्याच्या गोठ्यात जाऊन सांग, चुकले म्हून.”

“मी?”

“न्हाई तर काय तुजं मशीन जानार?”

फोनवर सुप्याचे दोन कॉल येऊन गेले होते. मी परत लावला नाही. पुढे कधी लावीन की नाही, माहीत नाही. त्या दिवशी मात्र मला दुसऱ्या दिवशीच्या दुपारचीच काळजी होती. एका अनोळखी माणसाच्या गोठ्यात जाऊन चुकले म्हणायचं, हे बी.एस्सी.ला कुणी शिकवलेलं नसतं.

जाता जाता त्या टेबलापाशी थांबल्या. शनिवारचे कागद अजून तिथंच होते, दुपारी पुण्याची मुलगी न्यायला येणार होती.

“ते कोरं ठिवलंय ना अजून? तेविसावं?”

“हो.”

“लिही तिथं. झाकन.”

“नुसतं झाकण? त्या मुलीला काय कळणार, मावशी?”

“न कळंना. इचारायला आली तर डॉकवर धाड. सकाळी सा वाजता.”

त्या गेल्या. मी चारही चौकटींच्या खाली, जिथं लिहायला जागाच ठेवलेली नाही तिथं, मोठ्या अक्षरात लिहिलं: झाकण. मग माझा स्वतःचा कागद शोधून काढला, ‘सुविधा’वरची खूण खोडली, आणि खाली तोच शब्द लिहिला.